विचारायचं, सांगायचं नाही

आमच्या आत्याबाईंनी जितक्या माणसांच्या तोंडात डोकावून पाहिलं, तितक्या माणसांच्या तोंडात नाशिक जिल्ह्यातल्या सगळ्या दातांच्या डॉक्टरांनी मिळूनसुद्धा पाहिलं नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. आत्याबाई म्हणजे माझ्या बायकोच्या आत्या. त्यांना माणसं चेहऱ्याने आठवत नसत, तोंडाच्या आतल्या बाजूने आठवत. एकदा आम्ही सगळे पिंपळगाव बसवंतला एका लग्नाला गेलो होतो. फेटा बांधलेला एक थोराड कांद्याचा व्यापारी पुढे आला आणि वाकून म्हणाला, "नमस्कार बाई, वळखलं का?" आत्याबाईंनी चष्मा वर केला, खाली केला आणि अगदी ओशाळून "नाही हो" म्हणाल्या. पण गडी हिरमुसला नाही. त्याने मांडवाच्या मधोमध, दोन्हीकडच्या वऱ्हाडासमोर, सरळ आ वासला. आत्याबाईंच्या पर्समध्ये पेनाएवढी एक विजेरी कायम असायची. ती पेटवून त्या आत डोकावल्या आणि आनंदाने ओरडल्या, "अगंबाई, डावा गाल! तुम्ही होय! चट्टा गेला की हो सगळा!" मग दोघांनी एकमेकांच्या घरच्यांची खुशाली विचारली, तीही त्याचं तोंड अर्धवट उघडं असतानाच. मुलाकडच्या एका बाईंनी माझ्या बायकोला विचारलं, "ह्या तुमच्या कोण?" बायकोने सख्ख्या आत्याला त्या दिवशी "लांबच्या" करून टाकलं.

आत्याबाई डॉक्टर नव्हत्या. तरी चाळीत, दुकानात, रिक्षात लोक त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत आणि पाठदुखीवर औषध विचारत. त्या मानसशास्त्रात एम. ए. झालेल्या. कॅन्सर होऊच नये म्हणून काम करणाऱ्या एका संस्थेत त्या तरुणपणी संशोधक म्हणून लागल्या आणि तिथेच त्यांचे केस पिकले. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "जीपमध्ये जागा नव्हती." आठवड्यातले चार दिवस त्या संस्थेच्या जीपने कधी सटाण्याकडे, कधी सुरगाण्याच्या डोंगरात फिरत आणि माणसं तंबाखू का खातात, सोडायची ठरवून का सोडत नाहीत, सोडली तर कुणाचं ऐकून सोडतात, हे विचारत. "कॅन्सर झाल्यावर धावणारे पुष्कळ आहेत," त्या म्हणत, "आधी चौकशी करणारंही कुणीतरी हवं ना?" त्यांची प्रश्नावली सत्त्याऐंशी प्रश्नांची होती आणि ती त्यांना झोपेतही पाठ होती, असं बायकोच्या माहेरी सगळे शपथेवर सांगतात.

बरं, ही विचारण्याची सवय जीपमधून उतरल्यावर सुटावी की नाही? छे! त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं ठरलेली असत आणि समोरच्याने त्यातलंच एक द्यायचं. जेवायला बोलावलं तर भाजी वाढून विचारणार, "कशी झालीय? अजिबात नाही आवडली, फारशी नाही, बरी, चांगली, की फारच चांगली?" मी एकदा चुकून "मस्त" म्हणालो तर वाटी हातात धरून उभ्या राहिल्या. "मस्त हे उत्तर नाही, जावईबापू. पाचातलं एक सांगा." भाजीबाजारात मेथीची जुडी हातात घेऊन भाजीवालीला विचारत, "ताजी आहे असं तुम्हाला कितपत ठामपणे वाटतं?" ती बाई गंगापूरकडच्या मळ्यातून पहाटे उठून माल घेऊन आलेली. ती म्हणाली, "ओ बाई, घ्यायची तर घ्या, नाय तं सरका. माझं डोकं नका खाऊ." आत्याबाईंनी दोन जुड्या घेतल्या आणि मला म्हणाल्या, "फारच ठामपणे. नोंद झाली." माझ्या बघण्याच्या कार्यक्रमातसुद्धा मला मुलीने एक अक्षर विचारलं नव्हतं, सगळं आत्याबाईंनीच विचारलं. तंबाखू वगैरे? मी म्हणालो, कधीमधी. "कधीमधी म्हणजे गेल्या सात दिवसांत किती वेळा?" मी बोटांवर मोजायला लागलो. तेवढ्या वेळात चहा गार झाला, पोह्यांवर माशी बसली, आणि तरीही लग्न जमलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आता मुख्य गोष्ट. एवढं विचारणारी ही बाई कधी कुणाला उपदेश करायची नाही. त्यालाही कारण होतं. त्यांच्या अभ्यासात अर्ध्या गावांना जाऊन सांगायचं असे, तंबाखूने काय होतं ते चित्रं दाखवून, आरसा हातात देऊन, घरोघर बसून. उरलेल्या अर्ध्या गावांत फक्त विचारायचं. दोन्हीकडे कुणाच्या तोंडात वाईट दिसलं तर त्याला जीपमध्ये घालून तडक इस्पितळात न्यायचं, त्यात भेदभाव नाही. पण सवय सोडा, हे मात्र दुसऱ्या गावांत म्हणायचं नाही. अभ्यास संपला की मग त्यांनाही सगळं सांगायचं. "नाहीतर सांगितल्याने फरक पडतो की नुसतं विचारल्याने, हे कळणार कसं?" हा त्यांचा बिनतोड सवाल असे. आणि कहर म्हणजे हाच कायदा त्यांनी घरात लावला होता! गोदावरीच्या पलीकडचे, म्हणजे पंचवटीतले नातेवाईक सांगायचे. अलीकडचे, गंगापूर रोड, कॉलेज रोड वगैरे भागातले, फक्त विचारायचे. मधे नदी. निळ्या पुठ्ठ्याच्या एका रजिस्टरात सगळ्या खानदानाची दोन भागांत वाटणी केलेली होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आत्याबाई अलीकडच्या घरांत चौकशी करत, दुसऱ्या रविवारी पूल ओलांडून पलीकडे भाषण देत.

पलीकडचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, आमचे काका. यात्रेकरूंची पूजा सांगायची हा त्यांचा पिढीजात व्यवसाय, आणि कनवटीला तंबाखूची डबी. आत्याबाईंचं भाषण दर महिन्याला ऐकून काकांना ते तोंडपाठ झालं. पाठांतराचा धंदाच त्यांचा! पुढेपुढे ते पूजा आटोपली की यजमानांना समोर बसवून, तेच भाषण सत्यनारायणाच्या कथेच्या चालीवर ऐकवू लागले. गालफडात तंबाखूची गोळी, आणि तोंडाने "हे यजमान, तंबाखूचे सेवन करणाऱ्याच्या गालास आतून पांढरे चट्टे पडतात." लांबून आलेले दोन यजमान म्हणे घरी जाऊन खरोखर सोडून बसले आणि त्यांनी काकांना आभाराचं पत्र पाठवलं. काकांनी ते बहिणीला दाखवलं, डबी उघडली आणि म्हणाले, "बघ, तुझं काम माझ्यामुळे झालं." आत्याबाईंनी रजिस्टर काढून गंभीरपणे विचारलं, "गेल्या सात दिवसांत?"

मी अलीकडचा. म्हणजे फक्त विचारण्यातला. आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार सोयीचं होतं. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होतो. नव्वदच्या सुमाराला ह्या गुटख्याच्या चकचकीत पुड्या आल्या आणि पानटपऱ्यांवर माळांसारख्या लटकू लागल्या. पानाला वेळ लागतो, तंबाखू मळायला तळहात लागतो. पुडी नुसती फाडली की झालं. अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, पुडी फाडायची. बायको चिडायची, आई रडायची, आणि मी दोघींना ऐकवायचो, "आत्याबाई काही म्हणतात का? त्या तर शिकलेल्या आहेत ह्यातलं! त्यांनी आजवर एकदा तरी सोड म्हटलंय?" बायको मग आत्याबाईंवर घसरायची. "आत्या, अहो जावई आहे तुमचा! गावातली माणसं राहू द्या, ह्यांना तरी सांगा!" आत्याबाईंचा चेहरा कसानुसा व्हायचा, पण उत्तर एकच. "मी एकदा सांगितलं की सगळ्या खानदानाची नोंद बिघडते गं." बायकोने पुढचे तीन महिने त्यांना चहाबरोबर बिस्किट दिलं नाही.

एकदा सुट्टी होती म्हणून मी त्यांच्याबरोबर जीपने सुरगाण्याकडे गेलो. रस्ता असा की तोंडातली पुडी आपोआप घशाकडे जायची. एका पाड्यावर एक म्हातारी अंगणात नागली पाखडत बसली होती. आत्याबाईंना बघून तिने सूप बाजूला ठेवलं, जवळ बसवून घेतलं. दरवर्षीची ओळख. सत्त्याऐंशी प्रश्न झाले. म्हातारीने तळहातावर तंबाखू-चुना मळत मळत सगळी उत्तरं दिली, मधूनमधून आत्याबाईंच्या गुडघ्यावर थापटत. शेवटी म्हणाली, "तू लय इचारतेस गं बाई. सांगत तं काहीच नाय." आत्याबाई हसल्या. "आजी, पुढच्या साली. पुढच्या साली नुसतं सांगायलाच येईन, एक प्रश्नसुद्धा विचारणार नाही." "ये मंग," म्हातारी म्हणाली, "मी हायेच इथं." परतताना आत्याबाई जीपमध्ये म्हातारीची भरलेली प्रश्नावली पुन्हा पुन्हा चाळत होत्या. मी गंमत म्हणून विचारलं, "आजची भेट कशी झाली? बरी, चांगली, फारच चांगली?" त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

त्याच वर्षी मला मिसळ लागायला लागली. म्हणजे झोंबायला. मी दर रविवारी ज्याच्याकडे जायचो त्या मिसळवाल्याशी मी कडाक्याचं भांडण केलं. "तिखट वाढवलंस लेका! जीभ भाजली माझी!" तो बिचारा हात जोडून सांगत होता, साहेब, मसाला आईच्या हातचा आहे, वीस वर्षं तोच आहे. मी दुकान बदललं. दुसरीकडेही झोंबली. मग मी सगळ्या नाशिकची मिसळ बिघडली असं जाहीर करून टाकलं.

दिवाळीला आत्याबाईंकडे फराळ असे. त्यांचे बेसनाचे लाडू म्हणजे घरात चेष्टेचा विषय. हे मोठे, गरगरीत. लहान मुलांना वेगळे छोटे. मोठ्यांनी मात्र लाडू अख्खा तोंडात घालायचा, तोडायचा नाही, अशी त्यांची सक्ती. आम्ही सगळे गाल फुगवून, डोळे वटारून तो प्रकार करायचो आणि आत्याबाई कौतुकाने बघत बसायच्या. आम्हाला वाटायचं, एकटी बाई आहे, हौस आहे. त्या दिवाळीत मी लाडू उचलला, तोंडाशी नेला आणि सहज, विचारही न करता, मोडून त्याचे दोन तुकडे केले. खोलीत कुणाचं लक्ष नव्हतं. आत्याबाईंच्या हातातलं चकल्यांचं ताट मात्र वाकडं झालं आणि दोन चकल्या घरंगळत सतरंजीवर पडल्या. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "जरा आत या." आतल्या खोलीत त्यांनी मला माझीच तीन बोटं एकावर एक जुळवून उभी तोंडात घालायला लावली. धडधाकट माणसाची जातात. माझी दोन गेली, तिसरं बाहेरच राहिलं. तेव्हा मला कळलं की लाडू तीन बोटांच्या मापाचे होते, आणि ही बाई इतकी वर्षं दर दिवाळीला अख्ख्या गोतावळ्याची तपासणी करत होती.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला डॉक्टरांकडे नेलं. तेवढं त्यांच्या कायद्यात बसत होतं. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही, पण गाल आतून ताठ होत चालले आहेत. पुडी बंद केली नाही तर पुढे काय होईल ते सांगता येत नाही. मी घाबरलो. चांगला आठ दिवस घाबरलेला होतो. नवव्या दिवशी साहेब टेबलाशी येऊन ओरडले आणि मी खाली टपरीवर गेलो. माणूस किती नालायक असतो बघा. घरी सगळ्यांना सोडली म्हणून सांगितलं. पहिल्या रविवारी आत्याबाई रजिस्टर घेऊन आल्या. "गेल्या सात दिवसांत?" मी म्हणालो, शून्य. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा खिसा त्यांना दिसत होता, खिशातल्या पुडीचा कोपराही दिसत असणार. त्यांनी शून्य लिहिलं. असे किती तरी रविवार गेले, आणि प्रत्येक रविवारी ते शून्य लिहायला त्यांना आधीपेक्षा जास्त वेळ लागत होता.

मग सुरगाण्याकडच्या गावांचा अभ्यास संपला. आता तिथे जाऊन सांगायचं होतं. आत्याबाई लग्नाला निघाल्यासारख्या तयारीने गेल्या. चित्रं, आरसे, म्हातारीसाठी एक लुगडं. त्या दिवशी दुपारी मी टेबलावर होतो, नुकतीच पुडी टाकलेली. खिडकीसमोर रांग होती. मान खाली घालून मी शिक्के मारत होतो. अर्जाच्या जागी मला सुरकुतलेला, धुळीने लाल झालेला हात दिसला. वर पाहिलं तर आत्याबाई! रांगेत उभं राहून, नंबर लागल्यावर आलेल्या. जीप तशीच खाली उभी. मला बोलता येईना, तोंड भरलेलं. मी नुसतं "हं?" केलं.

"बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "मी विचारायला आले नाही. ती आजी गेली. पावसाळ्यात तापाने गेली. तंबाखूने नाही. पण मी पुढच्या साली सांगते म्हणाले होते रे तिला. लुगडं तिच्या सुनेला देऊन आले. येताना सगळा घाट तुझं तोंड दिसत होतं मला." त्यांनी खिडकीचा गज धरला. "तुला पुढच्या साली नाही सांगत. आत्ता सांगते. सोड. माझी नोंद गेली खड्ड्यात. सोड रे बाबा, मला फार भीती वाटते."

इतकी वर्षं मला अहो-जाहो करणारी बाई. चष्मा पदराने पुसत होती आणि पदरच इतका धुळकट की काच आणखी मळत होती. मागचा शेतकरी वाकून म्हणाला, "मावशी, तुमचं झालं आसंल तं माझा अर्ज हाय." आत्याबाई "हो हो, सॉरी हं" म्हणून बाजूला झाल्या आणि जिना उतरून गेल्या. मी उठलो, मोरीत जाऊन थुंकलो, चूळ भरली आणि तिथेच भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडलो. बायकोच्या शिव्यांनी, आईच्या रडण्याने, डॉक्टरच्या धाकाने जे झालं नव्हतं ते झालं. लगेच नाही झालं, उगाच हिरोगिरी सांगत नाही. दोनदा घसरलो. बडीशेपेचे डबेच्या डबे रिकामे केले, ज्येष्ठमध चघळला, साहेबांवर खेकसलो, बायकोवर खेकसलो, एकदा तर मारुतीच्या देवळात पुजाऱ्यावर खेकसलो. पण तिसऱ्या खेपेला सुटली ती सुटली.

पुढे बऱ्याच वर्षांनी आत्याबाई निवृत्त झाल्या, तेव्हा पंचवटीत काकांच्या गच्चीवर सगळे जमलो होतो. जेवणं झाल्यावर त्यांनी ते निळं रजिस्टर काढलं आणि खानदानाचा निकाल वाचून दाखवला. पलीकडे इतकी वर्षं सांगून आणि अलीकडे इतकी वर्षं नुसतं विचारून, फरक काडीचा नव्हता! दोन्ही काठांवर मंडळी तितकीच बेशिस्त निघाली. गच्चीवर हशा पिकला. काकांनी विजयाने डबी वाजवली. मी आपला माझ्या नावाची वाट बघत होतो. शेवटी मी त्यांचा हिरा. नाव आलंच नाही. "आत्याबाई, मी कुठे गेलो?" "तुम्हाला वगळलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "वगळलं? अहो, अलीकडचा सुटलेला मी एकटा! माझ्यावर निकाल फिरला असता तुमचा!" "म्हणूनच. नियम मोडून मिळालेलं उत्तर धरता येत नाही, जावईबापू."

मला राग आला, सरळ सांगतो. मी रजिस्टर ओढून घेतलं. माझ्या नावावर पट्टीने आखलेली लाल रेघ होती. शेजारी एक रकाना, वगळण्याचं कारण लिहायचा. इतरांची कारणं होती. बदली झाली, वारले, उत्तर देत नाहीत. माझ्यापुढे काहीच नव्हतं. "हे कारण लिहायचं राहिलं तुमचं," मी जरा कुत्सितपणेच म्हणालो.

"राहिलं नाही," त्या म्हणाल्या. "त्या एवढ्याशा रकान्यात मावत नव्हतं." आणि वाट्या गोळा करायला उठल्या.

आत्याबाई जाऊन आता काही वर्षं झाली. माझं तोंड अजून पुरतं उघडत नाही, तेवढं उघडणारही नाही. पण सहा महिन्यांनी एकदा डॉक्टर आत बघतात आणि ठीक आहे म्हणतात. मी जिना उतरून रस्त्यावर येतो. दर वेळी वाटतं, आधी त्यांच्याकडे जाऊन सांगून यावं. रिक्षावाला कुठे जायचं विचारतो, आणि मला चटकन सांगता येत नाही.